लेकीच्या गाडीसाठी पॅड निवडताना

त्या रविवारी लेक आली तेव्हा मी दुकानाच्या ओट्यावर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. जाम गावाच्या चौरस्त्यावर आमचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. आधी हे ट्रक चालवायचे. कंबर गेली तसं ट्रक सोडून दुकान टाकलं, आणि हे गेल्यापासून नऊ वर्षं मी एकटीच पाहते. शाळा माझी सातवीपर्यंत झाली. बाकी जे काय कळतं ते खोक्यांवरची अक्षरं वाचून, मिस्त्रीच्या शिव्या ऐकून आणि गिऱ्हाइकांनी परत आणून टाकलेलं सामान हातात घेऊन कळलं.

लेक नागपूरला पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. आणि दोन वर्षांपासून गाडीच्या शर्यतीत भाग घेते. हे मी कोणाला सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्याकडे पाहतात. तुम्हाला सांगते, ते रस्त्यावर धूम पळवणं वेगळं. ह्या शर्यती बंद ट्रॅकवर होतात, तपासणीवाले असतात, अँब्युलन्स उभी असते. येणारे सगळे हौशी. कोणी दाताचा डॉक्टर, कोणाचं कापडाचं दुकान, कोणी माझ्या लेकीसारखी मास्तरीण. आपापल्या जुन्या गाड्या घेऊन येतात. हिनं एक जुनी लहान गाडी घेतली, मागची सीट काढून टाकली, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवून घेतला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं, "हे काय वं, बकऱ्या नेतेस का यात?"

तर त्या रविवारी ती उतरली, माझ्यासमोरच्या चार शेंगा उचलल्या आणि म्हणाली, "आई, समोरच्या ब्रेकचे पॅड पायजेत मले. सगळ्यात कडक असन ते दे."

"काऊन? दिवाळीत तर टाकले."

"झिजले."

"एवढ्यात?"

"शर्यतीत झिजतात ना आई." असं म्हणून ती पाणी प्यायला आत गेली. तहान तशी नव्हती तिला.

समोर मिस्त्रीचं गॅरेज आहे. ह्यांचा जुना सोबती, ट्रकवर ह्यांच्यासोबत क्लीनर होता, मग मिस्त्री झाला. मला वयनी म्हणतो आणि दिवसातून एकदा तरी भांडतो. त्यानं चाकं काढली, पॅड काढले आणि रस्ता ओलांडून माझ्या हातात आणून दिले. काही बोलला नाही. तो बोलला नाही म्हणजे काहीतरी आहे, हे मला तिथंच समजलं.

पॅड म्हणजे लोखंडी पट्टीवर चिकटवलेला मसाल्याचा जाड थर. पेडल दाबलं की दोन्ही बाजूंनी तो चाकाच्या डिस्कला धरतो, म्हणून गाडी थांबते. माणूस गाडी कशी चालवतो ते पॅड सांगतं. ज्याचा पाय सदा ब्रेकवर असतो त्याचं एकसारखं झिजतं. जो शेवटच्या क्षणी दाबतो त्याच्या कडा उडतात. मी किती गिऱ्हाइकांना नुसतं पॅड पाहून विचारलं असेल, "मुलगा चालवायला लागला वाटतं?" आणि ते चकित होतात.

लेकीचे पॅड झिजलेले नव्हते. अर्ध्याहून जास्त जाडी शिल्लक होती. पण अंग काचेसारखं चकचकीत, कडा भुरभुरून पांढऱ्या पडलेल्या, आणि मागच्या पट्टीचा रंग जळून पापुद्रे निघालेले. नाकाला लावलं तर अजून करपट वास.

ती बाहेर आली. मी पॅड मांडीवर ठेवले होते, तुरीच्या टरफलांत. मी एकच विचारलं, "पेडल मऊ पडलं होतं, का कडक होतं?"

हा प्रश्न ब्रेक फेल झालेल्या प्रत्येक माणसाला विचारायचा असतो. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर ब्रेक ऑइल उकळलं. पेडल दगडासारखं कडक आणि गाडी तरी थांबत नाही, तर पॅडनं जीव सोडला. लेकीला हे माहीत आहे, तिनं लहानपणी ह्याच ओट्यावर बसून ऐकलं आहे. म्हणून ती लगेच उत्तर देईना. मिस्त्री उगाच पान्हा पुसत बसला.

"कडक होतं," ती म्हणाली. मग ओट्यावर बसत, "दोन्ही पाय लावले आई. पूर्ण जोर लावला. पण थांबूनच नाई राह्यली."

सरळ रस्ता जिथं संपतो आणि वळण येतं, तिथं झालं. गाडी वळलीच नाही. ट्रॅकच्या बाहेर बारीक गिट्टी पसरलेली असते, तीत शिरली. पुढं जुन्या टायरांची भिंत. मी विचारलं, भिंत किती लांब राहिली होती? तिनं आजूबाजूला पाहिलं आणि ओट्यावरच्या माझ्या खाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. एवढी.

ते पॅड मीच दिले होते. दिवाळीला तिनं मागितले तेव्हा मी दुकानातले सगळ्यात चांगले काढून दिले. शांत, आवाज न करणारे, बायकापोरांच्या गाडीला मी डोळे मिटून देते तसले. जीव लावून दिले होते हो. पण ते बाजारात आणि शाळेत जाणाऱ्या गाडीचे पॅड. दहा फेऱ्या तापले आणि मेले.

मी म्हटलं, "आता नको जाऊ."

"बाबा भरलेला ट्रक घेऊन घाट उतरायचे," ती म्हणाली. "त्यायले कधी म्हटलं का तू नको जाऊ म्हणून? काय करायची तू?"

काय करायची? बकेट भरून ठेवायची. ट्रक लांबून आला की चाकं एवढी तापलेली असायची की जवळ उभं राहवत नसे. हे उतरले की आधी बकेट घ्यायचे आणि चाकांच्या ड्रमवर पाणी ओतायचे. चुर्र आवाज व्हायचा, वाफ उठायची, आणि हे म्हणायचे, "आलो घरी." त्याच्याआधी नाही म्हणायचे. म्हणून ट्रकचा हॉर्न ओळखू आला की मी नळाखाली बकेट लावत असे. चौरस्त्यावरचे सगळेच ड्रायव्हर असं करतात, ढाब्यावर तर त्याच्यासाठी पाइपच लावून ठेवलेला आहे. चूकच आहे ते. ट्रकचा जाड ड्रम एखाद्या वेळी सहन करतो, पण छोट्या गाडीची डिस्क भाकरीएवढी पातळ, गरम असताना थंड पाणी पडलं की तडकते. मी स्वतः गिऱ्हाइकाला सांगते, धुवायची तर गार झाल्यावर धू रे बाबा.

तर मी मांडीवरचे पॅड कागदात गुंडाळले. म्हटलं, "पॅड मी पाहून देईन. तोवर चालवू नको."

मिस्त्रीचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. "वयनी, रेसचेच मागवा. आगीत टाकले तरी मरत नाई ते." लेकीचंही तेच. तिच्यासोबतचे सगळे तेच वापरतात म्हणे. मी नागपूरच्या ठोक दुकानदाराला फोन केला, किती गरम झाल्यावर धरतात, थंड असताना किती धरतात, असं विचारत सुटले. त्याला हसू आलं. "मावशी, तुम्ही रेस करता का?" मी म्हटलं, "हाव, आता सुरू करून राह्यली. तू सांग." मग बिचाऱ्यानं सांगितलं. शेवटी दोन जोड मागवले. एक पक्का शर्यतीचा, पुण्याहून. दुसरा मधला, जे लोक घाटात जोरात चालवतात त्यांच्यासाठी असतो तो.

खोक्यावर लिहिलेलं सगळं खरं असतं, पण कोणासाठी खरं ते लिहिलेलं नसतं. म्हणून मी म्हटलं, आपण पाहू.

नवा मोठा रस्ता सरळ केला तेव्हा जुन्या रस्त्याचा एक तुकडा बाजूला तसाच पडून राहिला. पुढं तो बंद आहे. लोक त्याच्यावर सोयाबीन वाळवतात, नाहीतर कुत्री झोपतात. एका सकाळी आम्ही तो झाडून घेतला. मिस्त्रीनं गाडी थांबायला हवी तिथं चुन्याची आडवी रेघ मारली आणि लाल गमछा घेऊन टोकाला उभा राहिला. मी लेकीच्या शेजारी बसले. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, "पाय तुहा असन, पण पॅड माह्ये हायेत." पट्टे बांधले तिनं मला, चार ठिकाणी, लहान मुलाला कपडे घालावे तसे.

पहिल्यांदा पक्के शर्यतीचे. लेकीनं वेग घेतला, रेघेआधी जिथं दाबायचं ठरलं होतं तिथं दाबलं. आणि गाडी गेली की हो पुढं. कुरकुरत, दात खात, रेघ ओलांडून तीन गाड्या मावतील इतकी पुढं. मिस्त्री बाजूला उडी मारून ओरडला, "वयनी, थांबायचं होतं का मले भेटायले आल्या?"

"थंड हायेत आई," लेक म्हणाली. "गरम होऊ दे."

गरम झाले. सातव्या-आठव्या खेपेला असे धरले की माझी मान पुढं गेली आणि चष्मा मांडीवर पडला. रेघेच्या कितीतरी अलीकडे गाडी उभी. लेकीचा चेहरा उजळला. मिस्त्री नाचायचाच बाकी होता. "पाह्यलं? हेच टाका. विषय संपला."

मी म्हटलं, "आता डबा खाऊ."

"डबा?"

"हाव. भाकर आणली, तुरीच्या सोल्याची भाजी आणली. बसा."

बाभळीखाली बसून जेवलो. त्या दोघांना वाटलं म्हातारीला भूक लागली. डबा पुसून ठेवला आणि म्हटलं, "चल, एकदा अजून." पहिलीच खेप. गाडी पुन्हा रेघ ओलांडून गेली, तीच कुरकुर, तेवढीच पुढं. मिस्त्रीनं गमछा खांद्यावर टाकला.

मग मी काय म्हटलं ते सांगते. तिच्यासोबतचे लोक गाडी ट्रेलरवर घालून आणतात, ट्रॅकवर उतरवतात आणि पुन्हा ट्रेलरवर चढवतात. माझी लेक त्याच गाडीत जेवणाचा डबा ठेवून घरून निघते. दोन दिवस रस्त्यानं जाते, दोन दिवस रस्त्यानं येते. हिंगणघाटच्या वळणावर म्हैस आडवी आली तर म्हैस काही म्हणणार नाही, की थांबा, आधी पॅड गरम करून घ्या. शर्यतीत वाचेल आणि घरी येताना मरेल असे पॅड मला नको होते.

दुपारून मधले लावले. थंड असताना ते रेघेच्या थोडं पुढं थांबले, हातभर. गरम झाल्यावर रेघेवर. मी तिला थांबूच दिलं नाही, पुन्हा, पुन्हा, वीस खेपा. शेवटी करपट वास यायला लागला तरी धरत होते, फक्त पाय जास्त लावावा लागत होता. ती म्हणाली, "कडकवाल्यांएवढं नाई धरत हे. मी मागं राहीन आई."

"राह्यजो मागं."

तिनं पट्टे सोडले. मग म्हणाली, "ठीक. हेच." जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं, आणि तिनं मला शब्द दिला की तीन फेऱ्या जोरात मारल्या की एक हळू मारीन, पॅडला श्वास घेऊ देईन. आणि मी तिला सांगितलं की ह्या वेळी मी सोबत येणार.

ट्रॅक दक्षिणेकडे होता. सपाट माळ, दूरदूर झाड नाही, फेब्रुवारीतही ऊन चटके देणारं. सकाळी सरावाच्या फेऱ्या होत्या. मी कठड्याला धरून उभी राहिले, तेच ते वळण होतं, सरळ रस्ता संपतो तिथलं. गाडी दिसायची, आवाज चढायचा, आणि दर वेळी माझाच पाय चपलेत दाबला जायचा. दर वेळी गाडीचं नाक खाली वाकायचं आणि ती वळून जायची. बारा वेळा. मी मोजलं.

ती आली, हेल्मेट काढलं, केस घामानं चिकटलेले. "धरतात आई! शेवटपर्यंत धरतात!" आणि चालकांची बैठक होती तिकडे पळत गेली. शर्यतीला तास होता.

मी गाडीपाशी एकटी. पुढच्या चाकांतून धग येत होती, लोखंड गार होताना टिकटिक करतं तशी टिकटिक. तोच वास. शेजारी हात धुवायला पाण्याचा कॅन ठेवलेला. आता तुम्ही मला विचाराल की तुला माहीत होतं ना? होतं. तोंडाला माहीत होतं. हाताला चाळीस वर्षं दुसरंच माहीत होतं. गाडी सुखरूप आली होती, चाक तापलं होतं, आणि मी कॅन उचलला आणि ओतला. चुर्र झालं, वाफ आली. खरं सांगते, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. आणि त्या वाफेतून आवाज आला, टक्. वाळलेली तुरीची शेंग फुटते ना, तेवढाच.

कोणी पाहिलं नाही. मी गुडघे टेकून बसले, चष्मा पुसला, मोबाइलची बत्ती लावून चाकाच्या भोकातून पाहिलं. डिस्कच्या अंगावर केसासारख्या बारीक रेघा असतात, त्या चालतात. ही तशी नव्हती. बोटाच्या पेराएवढी, आणि काठापर्यंत पोचलेली. काठाला पोचलेली चीर वाढते. ती कधी वाढेल हे कोणी सांगू शकत नाही.

सोबत दुसरी डिस्क नव्हती. पॅड निवडण्याच्या नादात दोन महिने गेले, डिस्क घ्यायचं कोणाच्या मनात आलं नाही. ती गाडी गिट्टीत गेल्यापासून ह्या एका दिवसासाठी थांबली होती. मनात आलं ते लिहिते, लपवत नाही. आलं, की आठच फेऱ्या तर आहेत. आलं, की लेकीला काय तोंड दाखवू, दोन महिने मी तिला शहाणपण शिकवलं. तपासणीवाल्याची तपासणी सकाळीच झाली होती. मी बोलले नसते तर कोणाला कळलं नसतं. ओला डाग तर उन्हानं पाच मिनिटांत वाळला.

ती हसत येत होती, हातात दोन चहाचे कप.

मी उठले. म्हटलं, "मी पाणी टाकलं."

"कशावर?"

"चाकावर. गरम होतं तेव्हा. डिस्क तडकली. काठापर्यंत."

तिनं कप खाली ठेवले. वाकून पाहिलं, बराच वेळ. उठली तेव्हा तिच्या गुडघ्याला माती लागली होती, ती झटकत राहिली. "तूच लोकायले सांगत असते ना," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"हाव."

"मग?"

"काय सांगू. तुह्या बापाची गाडी आल्यासारखं वाटलं मले."

  ती वळली आणि तपासणीवाल्याकडे गेली, नाव काढून घ्यायला. तो म्हातारा माणूस तिच्यासोबत आला, चीर पाहिली, मला हिंदीत म्हणाला, "अम्मा, हम तो सुबह देख चुके थे. दुबारा थोड़े ही देखते." त्यानं मला सलाम करावा तसा कपाळाला हात लावला आणि गेला.

शर्यत आम्ही दोघींनी हत्यारांच्या पेटीवर बसून पाहिली. चहा थंड झाला होता, तसाच प्यायलो. तिच्या नंबरच्या जागी रिकामी जागा सोडून गाड्या सुटल्या. त्या वळणावर एकेक गाडी नाक वाकवून जायची आणि आता दोघींचे पाय दाबले जायचे. तिनं ते पाहिलं. थोडं हसली, मग रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. मला तो हक्क त्या दिवशी वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी जवळच्या गावातून डिस्क मिळाली, बसवली, निघालो. आदिलाबाद मागं पडेपर्यंत ती नुसती गाडी चालवत राहिली. मग एकदम म्हणाली, "तवा मी तुले सांगाले पायजे होतं. गिट्टीत गेलती ते."

मी म्हटलं, "हाव, पायजे होतं."

एवढंच झालं. पुढं हिंगणघाटच्या अलीकडे एका मोटरसायकलवाल्यानं न पाहता वळण घेतलं. लेकीनं दाबलं, थंड पॅड, आणि गाडी थांबली. त्याच्या मागं बसलेल्या बाईच्या पदराला आमचं बंपर लागलं नाही, एवढं अंतर. तो शिव्या देऊन गेला. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला गाडी लावून जरा बसलो.

जामला पोचलो तर मिस्त्री गॅरेजमधून ओरडला, "वयनी, बकेट आणू का?" लेकीनं फोनवर सांगून टाकलं होतं त्याला. मी त्याला दिली एक शिवी. पण त्याच दिवशी ती बकेट उचलून मागच्या अंगणात नेली, आता तिच्यात कपडे भिजवते.

तडकलेली डिस्क दुकानात खिळ्याला टांगली आहे. कोणी गिऱ्हाईक गरम गाडीवर मारायला पाणी मागायला आलं की मी काही बोलत नाही, तिच्याकडे बोट दाखवते. कोणी फोडली, असं विचारलं तर म्हणते, मी.

लेक अजून जाते शर्यतीला. मागंच राहते बहुतेक. परत आली की आधी ओट्यावर येते, कागदात गुंडाळलेले जुने पॅड माझ्या मांडीवर ठेवते, आणि मी पाहून होईपर्यंत पाणी प्यायला आत जात नाही, समोरच बसते. परवा आणले ते पाहिले. अंगावर चमक नाही, करपट वास नाही, जाडी दोन्हीकडे सारखी.

कडा शाबूत होत्या.